मय्यतीचा वारस कोण?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सहावीच्या मुलांकडून दरवर्षी नात्यांची नावं पाठ करून घेते. घरी चाचा, फुप्पी, खालाजाद म्हणणारी मुलं वर्गात चुलता, आत्या, मावसभाऊ म्हणायला शिकतात. साडू आणि व्याही हे शब्द ऐकून त्यांना हसू येतं. मराठीत नात्यांना शब्द भरपूर आहेत, उर्दूत तर त्याहून जास्त. मराठीत आणखी एक सुंदर शब्द आहे, 'मानलेला'. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. राखी बांधून किंवा नुसत्या तोंडाच्या शब्दाने जोडलेलं नातं. गावोगाव अशी नाती जन्मभर निभावली जातात. पण दवाखान्याच्या फॉर्मवर 'मयताशी नाते' असा रकाना असतो ना, तिथे 'मानलेली मुलगी' लिहिता येत नाही. 'चेला' तर नाहीच नाही. लिहिलं की खिडकीवरचा माणूस कागद मागे सरकवतो. रक्ताचं कोण आहे, विचारतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यामागच्या वस्तीत एक गुरू वारली. तृतीयपंथी समाजातली, वय साठीच्या पुढे. नाव लिहीत नाही, सगळे बडी आपा म्हणायचे, मीही म्हणायचे. साखरेचा आजार, मग किडनी. शेवटची दोन वर्षं दोन चेल्यांनी तिचं सगळं केलं. डायलिसिसला रिक्षातून नेणं, पथ्याचं जेवण, अंथरूण बदलणं. एक जण रात्री तिच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपायची. आमच्या मोहल्ल्यातल्या किती मुलांनी आईबापाचं इतकं केलं, याची यादी मी करत नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात ती गेली. सही करायला भाऊ लागला. तो कर्नाटकातल्या एका खेड्यात, तीस वर्षांत इकडे फिरकला नव्हता. फोन गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. तोवर मय्यत शवागारात आणि चेले बाहेर पायरीवर. भाऊ माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. भेदरला होता. खिडकीवर नाव विचारलं तेव्हा त्याने जे नाव सांगितलं, ते तिथे उभ्या असलेल्या कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. मय्यत ताब्यात मिळाली ती त्या नावाने.

मग गुस्लचा प्रश्न. मोहल्ल्यातले गुस्ल देणारे म्हणाले, मर्दाचं गुस्ल मर्दच देणार. चेले म्हणाले, दोन वर्षं आम्हीच अंघोळ घातली, आज आम्ही परके झालो का? इमामसाहेबांनी शहाणपणाने मार्ग काढला. पडदा लावा, ज्यांनी खिदमत केली त्यांनीच पाणी घाला, तरीका मी बाहेरून सांगतो, म्हणाले. ते नसते तर काय झालं असतं कोण जाणे.

जनाजा उठला. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे दारात थांबलो. चेल्यांनी कुठे थांबायचं? एक जण ओरडला, बायकांत थांबा. दुसरा म्हणाला, कंधा द्यायचाय तर साडी सोडून या. दोघी आत गेल्या, शेजारच्या घरातून शर्ट-पँट मागून घातली, डोक्याला रुमाल बांधला आणि जनाज्याला कंधा दिला. बाकीच्या आमच्यात उभ्या राहून रडल्या. आपाने ज्या वेशात त्यांना नाव दिलं, लेक म्हटलं, तो उतरवून त्यांनी आपाला शेवटचं उचललं. त्या दिवशी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. उलट 'चला, मसला सुटला' असंच सगळे म्हणाले.

इथे एका अफवेबद्दल बोलायलाच हवं. ही मय्यत म्हणे रात्री गुपचूप नेतात, चपलांनी मारत नेतात. मी लहान असल्यापासून हे ऐकत आले. सांगणाऱ्यापैकी एकानेही स्वतः पाहिलेलं नसतं, प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं. आपाची मय्यत असरच्या नमाजनंतर निघाली, दिवसाउजेडी. आणि समजा एखादी जमात आपला जनाजा रात्री नेत असेल, तर गल्लीतली पोरं मोबाइल काढून उभी राहतात हे कारण पुरेसं नाही का?

बाहेरच्यांना हा समाज टाळी आणि बधाई एवढाच माहीत. आत पूर्ण खानदान असतं. गुरू, चेला, चेल्याचा चेला म्हणजे नाती चेला, गुरूचा गुरू, गुरूभाई. सगळ्यांची मिळून जमात, जमातीचे नायक. नवीन माणूस येतो तेव्हा पंचांसमोर रीत होते, नाव मिळतं. घराणी आहेत, घराण्यांचे आपसातले मानपान आहेत. अनेक घराण्यांत रीतिरिवाज मुस्लिम वळणाचे आहेत. हिंदू घरात जन्मलेली चेलाही जमातीत सलाम करते आणि मेल्यावर अनेकदा तिचं दफन होतं. म्हणून हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून झटकता येत नाही. मय्यत शेवटी आपल्याच कब्रस्तानच्या दारात येते.

गुरू गेली की अनेक ठिकाणी चेले बांगड्या फोडतात, पांढरं नेसतात, विधवेसारखा सोग पाळतात. चाळीसाव्याला दूरदूरच्या शहरांतून जमाती येतात, मोठं जेवण होतं. त्याला त्यांच्यात 'रोटी' म्हणतात. आपल्या शरियतमध्ये नवरा गेला तर बाईला चार महिने दहा दिवसांची इद्दत, बाकी कुणाही नातलगासाठी सोग तीन दिवस. चेल्यांनी गुरूचं जाणं कुठल्या खान्यात ठेवलंय ते यावरून कळतं. आई, बाप, उस्ताद आणि खाविंद एका दिवसात गेल्यासारखं असतं ते.

दिल्लीत मेहरौलीला 'हिजड्यांची खानकाह' आहे. लोदी काळातली जागा. पांढऱ्या चुन्याच्या कबरींची रांग आणि मधे 'मियाँ साहेब' म्हणून ओळखली जाणारी मुख्य कबर. तुर्कमान गेटच्या हिजडा जमातीकडे तिची देखभाल आहे. गजबजलेल्या बाजारातून आत शिरलं की एकदम शांत. रक्ताचं कुणी नसताना शेकडो वर्षं कबरींना चुना लागतोय. आमच्या खानदानी कब्रस्तानात माझ्या पणजोबांची कबर कोणती हे आता कुणी सांगू शकत नाही.

आपल्या सीमेवर, सौंदत्तीला, शोक करायला ठरलेला दिवसच आहे. मार्गशीर्षातली रांडाव पुनव. जमदग्नी मारले गेले म्हणून रेणुका यल्लम्मा विधवा होते आणि तिच्या जोगतिणी, जोगते बांगड्या फोडतात, पुढे अहेव पुनवेला पुन्हा भरतात. सोलापूर भागातून माणसं डोक्यावर जग घेऊन तिथे जातात. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत हे जग मराठीत आणलं, त्यावरून 'जोगवा' सिनेमा आला. तमिळनाडूतल्या कूवागमला चैत्र-वैशाखाच्या सुमारास हजारो तृतीयपंथी अरवानाशी लग्न लावतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने विधवा होऊन एकत्र रडतात. तिथे गेलेले सांगतात, त्या रडण्यात वर्षभरात गेलेल्या मैत्रिणींचंही रडणं असतं. देवाच्या निमित्ताने रडायला परवानगी मिळते. गुरूसाठी, मैत्रिणीसाठी रडायला मिळत नाही.

मी गुरू-चेला पद्धतीचं गोडवे गाणारं चित्र काढत नाहीये. चेल्याची कमाई गुरूकडे जाते, घराणं सोडायचं तर दंड भरावा लागतो, इलाक्यावरून हाणामाऱ्या होतात, गुरूच्या घरासाठी चेले एकमेकांवर केस करतात. पण हे सगळं कुठल्या खानदानात होत नाही? भाऊबंदकी हा शब्द आपणच बनवला. भाऊबंदकी होते म्हणून भाऊ भाऊ नाहीत असं कुणी म्हणत नाही.

कायदा मात्र तसंच म्हणतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी २०१९ साली जो कायदा झाला, त्यात कुटुंबाची व्याख्या दिली: रक्ताने, लग्नाने किंवा कायदेशीर दत्तकाने जोडलेली माणसं. ज्यांना बहुतेक वेळा रक्ताच्या घरातूनच हाकललेलं असतं, त्यांच्यासाठीच्या कायद्यात ही व्याख्या! गुरूचं घर त्यात कुठेच बसत नाही. त्याआधी १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क दिला होता. म्हणजे मी कोण हे ठरवण्याचा हक्क त्या निकालाने मान्य केला, माझं कोण हे ठरवण्याचा नाही.

ही खोड जुनी आहे. सोलापूरकरांना 'सेटलमेंट' शब्द समजावून सांगायला नको. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, वस्तीचं नाव आजही तेच आहे. त्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या १८७१ च्या पहिल्या रूपात दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. त्यात नाव नोंदलेल्या हिजड्याला लहान मुलाचा पालक होता येत नव्हतं, बक्षीसपत्र करता येत नव्हतं, मृत्युपत्र करता येत नव्हतं, मुलगा दत्तक घेता येत नव्हता. नीट बघा, चारही गोष्टी कुटुंबाच्या आहेत. सरकारला माणसापेक्षा त्याचं घर जास्त खुपत होतं.

न्यायालयांनी मधूनमधून शहाणपण दाखवलं. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुरू-चेला रिवाजाप्रमाणे वारसा मान्य केला. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन मुलींच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच रस्ता नाही, निवडून जोडलेलं कुटुंबही कुटुंबच. पण न्यायालयाचा निकाल दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायला फार वेळ लागतो.

ज्यांना जमातही नाही त्यांचं काय, हा विचार मला जास्त छळतो. गुरू-चेल्यांना निदान सोगाची रीत आहे, चाळीसावा आहे. सोलापुरातून पुण्याला नोकरीला गेलेली दोन मुलं एका खोलीत दहा वर्षं राहतात. एक अपघातात जातो. गावाकडून चुलते येतात, गाडी करून मय्यत घेऊन जातात. दुसरा? तो 'रूममेट'. त्याला ऑफिसातून सुट्टीसुद्धा मिळत नाही, कारण मित्र मेल्याची सुट्टी नसते. पुरशाला गेला तर लोक म्हणतात, किती चांगला मित्र आहे, एवढ्या लांब आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. इमारतीवरून पडून गेलेल्या तरुणाचा जोडीदार मृतदेहासाठी न्यायालयात उभा राहिला. शेवटी देह घरच्यांकडे गेला, याला अंत्यदर्शन घेता आलं. अंत्यदर्शनासाठी हायकोर्ट!

आता आपल्या दीनबद्दल. 'हे सगळं इस्लामच्या बाहेरचं' असं म्हणून विषय मिटवणारे मला स्टाफरूममध्येही भेटतात. मी मुफ्ती नाही, मास्तरीण आहे. पण ज्या गोष्टी आपण मिलादमध्ये ऐकतो त्यांचा अर्थ तरी लावू. मक्का सोडून मदिनेला आलेल्या मुहाजिरांजवळ ना घर होतं ना नातलग. रक्ताची माणसं मक्केत, कित्येक तर शत्रू झालेली. हुजूरांनी काय केलं? एकेका मुहाजिराला एकेका अन्सारीचा भाऊ करून दिला. यालाच मुआखात म्हणतात. सुरुवातीला हे भाऊ एकमेकांचे वारसही होत. पुढे सूरह अन्फालच्या अखेरच्या आयतीने वारसा रक्ताच्या नात्याकडे गेला. वारसा गेला, भाऊपणा गेला नाही.

दूधशरीक नातं आपल्या घरोघरी आहे. दुसऱ्या बाईचं दूध प्यायलेलं मूल तिचं मूल होतं, तिच्या मुलांशी त्याचं लग्न होऊ शकत नाही. रक्ताचा थेंब नाही आणि तरी मेहरम. हैदराबादकडच्या हिजडा जमातींत 'दूधबेटी', 'दूधबहन' करण्याची रीत आहे. कुठून उचलली असेल ती?

हनफी फिकहात तर याहून पुढची गोष्ट आहे. ज्याला कुणी वारस नाही असा माणूस दुसऱ्याशी करार करू शकतो: माझ्या हातून गुन्हा घडला तर दंड तू भर, मी मेलो तर वारस तू. मौला-ए-मुवालात. वकिलांच्या कपाटात असणाऱ्या दिनशा मुल्लांच्या मुस्लिम कायद्याच्या पुस्तकात (आडनाव मुल्ला, पण होते पारशी) वारसांच्या क्रमात हा 'कराराने झालेला वारस' आजही छापलेला असतो. आजच्या कोर्टात तो कितपत टिकेल, ते वकील सांगतील. माझं म्हणणं एवढंच की मानलेल्या माणसाला वारस करण्याची कल्पना आपल्या फुकहांना परकी नव्हती.

आणि गुस्ल-कफनाबद्दल. बाराव्या शतकातल्या 'हिदाया'त खुनसाबद्दल वेगळा बाब आहे. जन्मतःच ज्याचं शरीर मर्दाचं की औरतीचं ठरत नाही तो खुनसा. त्याच्या मय्यतीला तयम्मुम द्यावं, कफन औरतीसारखं घालावं, असं हनफी फिकह सांगतं. जनाजे एकत्र ठेवायचे झाले तर खुनसाची जागा कोणती, तेही. आजचे सगळे तृतीयपंथी या व्याख्येत बसत नाहीत आणि उलेमा तो फरक करतात, ते मला माहीत आहे. पण आठशे वर्षांपूर्वीचा फकीह बसून विचार करतो की या माणसाची मय्यत इज्जतीने कशी उठवायची, आणि आपण शर्ट-पँट मागवतो. लाहोरच्या काही उलेमांनी जून २०१६ मध्ये फतवा दिला. त्यात तृतीयपंथीयांना वारशातून वगळणं चूक ठरवलं आणि त्यांचं कफन-दफन इतर कुठल्याही मुसलमानासारखंच व्हावं असं सांगितलं. आपल्या इथल्या जमातींनी निदान एवढं तरी मशिदीच्या बोर्डावर लावायला हरकत नसावी.

जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी पढली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पढली तर गुन्हा सगळ्या वस्तीचा. म्हणजे मय्यत आपाची असो की आणखी कुणाची, ती मोहल्ल्याची आहे. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. गावगाड्यात हे होऊ शकतं तर कब्रस्तानच्या ट्रस्टला एक साधा ठराव करायला काय अडचण आहे? ज्याने खिदमत केली त्याला गुस्लमध्ये, कंध्यात आणि मूठमातीत पहिला हक्क. कपडे कोणते, हे विचारायचं नाही. कतब्यावर नाव लिहायचं ते ज्या नावाने ती माणूस म्हणून जगली ते. मोहल्ला कमिटीच्या एका बैठकीत हे मी बोलून दाखवलं तेव्हा एका बुजुर्गांनी विचारलं, 'मॅडम, भाई लोगां ऐतराज लिए तो?' भाऊ यावेत, जरूर यावेत, त्यांनाही कंधा द्यावा. वाद कंध्यावर जागा करून देण्याचा आहे, कुणाला हटवण्याचा नाही.

सरकारी बाजूनेही एक फट उघडली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या निमित्ताने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राकडून काही पत्रं निघाली. अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल, रेशनकार्डावर एका घरातले म्हणून धरलं जाईल. आणि आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. यात गुरू-चेल्याचा उल्लेख नाही, आणि 'नातलग नसतील तर' ही अट आहेच. तरीही या पत्रांची मराठी प्रत खिशात असली तर खिडकीवर बोलायला बळ येतं.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. रक्ताचा वारस उद्या दावा करू शकतो. गुरू मुसलमान असेल तर वसीयत करून ठेवावी. आपल्या कायद्यात कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वारस नसलेल्या कुणालाही वसीयतीने देता येतं, त्याला भावाची संमती लागत नाही. चेला वारस नाही, म्हणून त्याला देता येतं. कायद्याची हीच गंमत. वारसच नसेल तर सगळंही देता येतं. जिवंतपणी ताबा देऊन हिबा केला तर तिसऱ्या हिश्श्याची मर्यादाही नाही, फक्त शेवटच्या आजारात केलेला हिबा पुन्हा एक तृतीयांशावर येतो, म्हणून तब्येत धड असतानाच करावा. वसीयतीला स्टँप लागत नाही, साध्या कागदावर चालते. तरी दोन साक्षीदार घ्यावेत आणि रजिस्टर करून ठेवावी. दफन कुठे व्हावं आणि मय्यत कुणाच्या ताब्यात द्यावी, हेही त्याच कागदावर लिहावं. त्याची एक प्रत इमामसाहेबांकडे आणि एक कब्रस्तानच्या दफ्तरात द्यावी.